गलंती आणि भिंतीवरचा तवा

३० मार्च, गुढीपाडवा

सिद्धरामा, देवा, तू साक्ष आहेस. खोटं लिहिणार नाही.

पाडव्याला नवी वही काढायची ही आमच्या घरची रीत. पुढून हिशेब, मागून मनातलं. पुढची पानं कुणीही बघावीत. मागची तू आणि मी.

सकाळी गुढी उभारली, कडुनिंब वाटला आणि देवघरात पिंडीवर गलंती टांगली. सासूबाईंच्या वेळची मातीची आहे, तळाला बारीक भोक, भोकात दर्भाची काडी. मृग निघेपर्यंत महादेवाच्या डोक्यावर थेंब थेंब गार पाणी पडत राहिलं पाहिजे. मी माठातलंच, वाळा घातलेलं पाणी भरते. इतर ठिकाणी मी चिक्कू असेन, पण देवाच्या पाण्यात हात आखडत नाही. शिवाय तामणात साठलेलं नंतर झाडांना जातंच.

हे खुर्चीत बसून होते. समोर भिंत.

दिवाळीत सूत रंगवायच्या कारखान्याचा बॉयलर विझला आणि यांना घरी बसवलं. तीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस. घरी येऊन ‘दमलो’ म्हणायचे, ‘भूक लागली’ म्हणायचे, पण ‘उकडतंय’ हा शब्द एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकला नाही. आता कुठलाच शब्द ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले तब्येत ठणठणीत आहे. तब्येत असेल हो, माणूस कुठाय? गुढीला नमस्कार करा म्हटलं तर केला, आणि परत भिंतीकडे तोंड.

देवा, यंदा दुसरं काही मागत नाही.

३ एप्रिल

आज कॉलनीत एक साहेब आले. शिवयोगी नाव, वय आमच्या भाच्याएवढं, गळ्यात ओळखपत्र. बाराही घरची माणसं आमच्या अंगणात जमवली आणि सांगितलं की परदेशात कोळशाच्या जुन्या खाणी बंद पडल्या, त्यांत पाणी भरलं. जमिनीच्या पोटात ऊब असते म्हणून ते पाणी कोमट राहतं. ते वर ओढून तिथली माणसं घरं गरम ठेवतात. तीच योजना आता आपल्या कॉलनीत.

अंगणात त्रेचाळीस डिग्री होती. समोरच्या घरातली मदिनाबी पदरानं वारा घेत माझ्या कानात म्हणाली, “गिरिजाबाई, इनों हमकूच कायको चुने?”

मी धीर करून विचारलं, “साहेब, सोलापुरात घर गरम करायचं?”

“मावशी, निधी मंजूर झालाय.”

“पण खाण कुठाय इथं?”

त्यांनी होटगीच्या बाजूला बोट दाखवलं. तिथं वाफेच्या इंजिनांच्या जमान्यात कुणा व्यापाऱ्याची कोळशाची वखार होती. आता नुसता खड्डा आहे, त्यात पाणी, पाण्यात म्हशी.

“कोळसा होता, आता नाही. खड्डा आहे, पाणी आहे. बंद खाण म्हणजे आणखी काय असतं?”

मी दहावीपर्यंतचा सगळा भूगोल आठवून बघितला.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, “प्रेशर किती ठिवणार?”

मी वळून बघितलं. हे दारात उभे होते. दिवाळीनंतरचं त्यांचं पहिलं आख्खं वाक्य. माझ्या अंगावर काटा आला. त्या उन्हात!

८ एप्रिल

यांना पंपाचा ऑपरेटर नेमलं. पिवळी टोपी आणि शिट्टी दिली. मानधन किरकोळ आहे, पण टोपी बघावी. रात्री उशाशी ठेवून झोपतात.

पहाटे उठून खड्ड्यावर जातात, म्हशी बाहेर काढतात, पंप बघतात. खाण इथून लांब आहे. नळ्या जमिनीखालून न्यायच्या होत्या, पण खोदाईचे पैसे नळ्यांच्या उद्घाटनात संपले, म्हणून उघड्यावरून माळावरूनच आणल्यात. काळ्या नळ्या आणि मध्ये एक काळी लोखंडी टाकी. दुपारी टाकीवर कावळासुद्धा बसत नाही.

प्रत्येक घरात भिंतीला एक मोठा पोकळ पत्रा लावलाय, त्यात ते पाणी फिरणार. साहेबांनी त्याचं इंग्रजी नाव सांगितलं. मी तवा म्हणते.

आणि एक छोटा पांढरा डबा. घर चोवीस डिग्रीच्या खाली गार झालं की हा डबा आपोआप नळ उघडतो, पुरेसं गरम झालं की बंद करतो. वारा नको, चुलीची धग नको, अशी शांत जागा शोधत साहेब देवघरात शिरले. म्हटलं, चपला. ते म्हणाले, सॉरी मावशी. डबा पिंडीमागच्या भिंतीला डकवला. “पाण्यात पडला तरी बिघडत नाही, परदेशी आहे,” म्हणाले.

१२ एप्रिल

योजना सुरू झाली आणि बंदही पडणार असं दिसतंय.

बारा घरांत बारा डबे, पण एकही नळ उघडायला तयार नाही. कसा उघडेल? घरं चाळीसच्या खाली उतरत नाहीत. शिवयोगी साहेब घरोघर जाऊन डब्यांकडे असं बघत होते, जसं पोराच्या निकालाकडे बघतात. शेवटी आमच्या ओट्यावर टेकले.

“काका, एका तरी घरानं ऊब मागायला पाहिजे हो. नाहीतर महिन्याभरात सगळं उचलून वळसंगला नेतील.”

“आन मी?” यांनी विचारलं.

“तुम्हीही मोकळे, काका.”

दुपारी हे खुर्चीत बसले. टोपी मांडीवर. तोंड भिंतीकडे.

मी देवघरात जाऊन रडले. डोळे पुसते तर काय, उन्हानं डिंक वितळून तो डबा खाली पडलेला. बाहेर कुठे ठेवावा? देवघरात आला तो देवाचा. स्वच्छ पुसला, तामणात पिंडीला टेकवून ठेवला, विभूतीचे तीन पट्टे ओढले. पिंडीला चंदनाची उटी लावते रोज, गार वाटावं म्हणून. उरलेली त्याला लावली. वरून दोघांवर मिळून ओला पंचा पांघरला. गलंतीचं पाणी दोघांवर ठिबकू लागलं.

म्हटलं, देवा, तूच याच्या कानात सांग.

१३ एप्रिल

सांगितलं! देवानं सांगितलं!

सकाळी अकराच्या सुमाराला भिंतीत ‘टक्’ झालं आणि तवा गुरगुरायला लागला. हे धावत आले, पत्र्याला हात लावला, आणि तीस वर्षांपूर्वी पगाराच्या दिवशी हसायचे तसे हसले. शिवयोगी साहेब मोटरसायकलवरून आले, मोबाइलवर काही बघितलं आणि माझ्या पाया पडले. बारा घरांत एकट्या आमच्याच घराला थंडी वाजतेय.

पाच घरांना साखर वाटली. जास्त होती.

१८ एप्रिल

घर गरम होतंय. म्हणजे होतंच, आता आणखी.

तक्रार नाही. फायदे लिहून ठेवते. तव्यावर भाकरी चिकटवली की दुपारपर्यंत कडक होते, गॅस लागत नाही. पापड, कुरडया, सांडगे घरातच वाळले, कावळे राखायला नकोत. डाळ भिजत घातली की अर्धी शिजूनच निघते. तोटा एवढाच की दही विरजायच्या आधीच आंबतं, आणि मेणबत्त्या आडव्या झाल्या.

एक गोष्ट कळत नाही. पाणी दुपारी कढत असतं आणि पहाटे, जेव्हा जरा गारवा असतो, तेव्हा विहिरीसारखं गार. साहेबांना विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “खाण रात्री विश्रांती घेत असावी, मावशी.” हे पण मान हलवून म्हणाले, “बॉयलरबी घ्यायचा की.”

२२ एप्रिल

उष्मा वाढतोय. मी गलंतीत दिवसातून दोनदा पाणी भरत होते, आता पाचदा भरते. महादेवाला त्रास होता कामा नये. पण जितकं भरावं तितका तवा जास्त गुरगुरतो. परीक्षा बघतोयस ना? बघ. मी भरत राहीन.

माझी देवभक्ती फार वाढलीय, हे मात्र खरं. पूर्वी सोमवारी तेवढी सिद्धरामाला जायची. आता रोज जाते, दुपारी जाते. तळ्यावरून वारा येतो, सभामंडपातली फरशी गार असते, तिथं नामस्मरणात दोन-तीन तास कसे जातात कळत नाही. आज तर नामस्मरणात घोरले म्हणे. पुजारी म्हणाले, “बाई, समाधी लागली होती.”

यांचंही अभ्यासाचं वेड वाढलंय. मदिनाबीच्या घरच्यांचा, पीरसाबचा, बर्फाचा कारखाना आहे विजापूर रस्त्याला. हे पंप सुरू करून दिला की तिकडे जातात, संध्याकाळपर्यंत. म्हटलं, गरम पाण्याच्या माणसाचं बर्फाशी काय काम? म्हणाले, “उष्णता समजायची तर थंडीचा अभ्यास पायजे की गं.” किती खोल विचार. टोपी घालून जातात.

३० एप्रिल, बसव जयंती

आज शिवयोगी साहेब पेढे घेऊन आले. मोठ्या ऑफिसात आमच्या घराचा आलेख भिंतीवर लावलाय. रेघ नुसती वर वर जाते. त्यांच्या वरच्या साहेबांनी म्हणे लिहून पाठवलं, की ‘या कुटुंबाची उबेची गरज लक्षणीय आहे’. तेरा मे रोजी परदेशातून एक गोरे पाहुणे येणार, जिथं खरोखरीच्या खाणीच्या पाण्यावर गाव गरम होतं तिथले. त्यांना पसंत पडलं तर योजना आणि यांची टोपी कायम.

साहेब गेल्यावर मदिनाबी आली. उंबऱ्यातूनच मागे सरकली.

“या अल्ला! गिरिजाबाई, ये घर हाय की तंदूर? भाईसाब कुछ बोलते नै?”

“त्यांना काय होतंय? भट्टीवरचा माणूस.”

“और तुम?”

“मला काय होतंय.”

तिनं माझ्याकडे बघितलं आणि पदराखालून एक स्टीलचा डबा काढला. आत बर्फ. “रख लो. तुम्हारे मियाँ बी उधर बरफ की लादी पे बैठकेच डब्बा खाते.”

म्हटलं, अभ्यास असा पाहिजे.

सिद्धरामा, आज सरळ सांगते. मला सोसत नाही. चोळी दिवसातून तीनदा पिळते. पण काल रात्री हे जेवताना मला पंपाचं काहीतरी सांगत होते, हात हलवून हलवून सांगत होते, आणि भाजी अळणी झाल्याचंही बोलले. सहा महिन्यांत भाजीला नावं ठेवली नव्हती. आता मी कुठल्या तोंडानं म्हणू की बंद करा? टोपी राहू दे. गरमी तेवढी कमी कर. दोन्ही तुला जमेल.

९ मे

कमी नाही झाली.

गलंतीची धार थोडी मोठी केली, काडी बदलली. उटी दुप्पट. पंचा वाळूच देत नाही. तवा रात्र पडेपर्यंत थांबत नाही.

काल दुपारी मी देवळातून लवकर आले तर हे घरी होते. मोरीत बसलेले, अंगावर कपडे तसेच, डोक्यावर तांब्या. मला बघून तांब्या खाली ठेवला.

“काय झालं?”

“तांब्या तपासत होतो. गळतोय का.”

तांब्या गळत नाही. मी त्यांना तसं सांगितलं.

मग त्यांनी मला विचारलं, “तुला त्रास हुतोय का गं?” मी म्हटलं, “छे! माझे गुडघे दुखायचे ना, ते थांबलेत.” हे मात्र खरं आहे, थांबलेत. हे कसनुसं हसले आणि म्हणाले, “मग बरं हाय. तुझ्या गुडघ्यांसाठी तरी चालू राहू दे.” माझी एवढी काळजी त्यांना कुठून सुचली कोण जाणे.

१३ मे

आजचं आजच लिहिते.

पाहुणे येणार म्हणून पहाटेच देवाची पूजा मोठी बांधली. म्हटलं आज काही कमी पडायला नको. एका गलंतीच्या जागी दोन टांगल्या. दुसरी शेजारच्या शांतम्माकडून मागून आणली. पिंडीभोवती आणि डब्याभोवती बर्फ रचला, मदिनाबीनं दिलेला. पंचा नवा.

अकराला तवा असा गरजला की भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

पाहुणे बाराला आले. उंच, लाल, अंगात कोट. मागे शिवयोगी साहेब, त्यांचे वरचे साहेब, फोटोवाला. सगळ्यांना आत बसवलं. फोटोवाल्याच्या काचेवर वाफ धरली. गोऱ्या पाहुण्यांनी आधी कोट काढला, मग टाय, मग विचारून बूट. मी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही ठेवलं. भाकरी तव्यावरची आहे हे सांगितल्यावर त्यांनी पत्र्याला बोट लावून बघितलं आणि ते बोट बराच वेळ तोंडात ठेवलं.

शिवयोगी साहेब मध्ये बसून इकडचं तिकडे करत होते. पाहुणे म्हणाले, त्यांचे आजोबा खाणीत होते. त्यांच्या गावात थंडीत म्हातारी माणसं गारठायची, आता त्याच खाणीचं पाणी त्यांना ऊब देतं. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. की घाम होता, कळलं नाही.

मग मला विचारलं, काही तक्रार?

वरचे साहेब माझ्याकडे बघत होते. हे दाराशी उभे होते, ताठ, शिट्टी गळ्यात. पिवळ्या टोपीच्या कडेवरून घामाचा थेंब नाकावर, नाकावरून मिशीत, असे एकामागून एक. गलंतीसारखे. खोटं बोलायचं नाही असं पहिल्या पानावर लिहिलंय. मी सिद्धरामाचं नाव घेतलं आणि म्हटलं,

“तवा आल्यापासून एकदाही थंडी वाजली नाही.”

शिवयोगी साहेबांनी ते इंग्रजीत सांगितलं. पाहुण्यांनी टाळी वाजवली. वरच्या साहेबांनी वाजवली. मग पाहुणे यांच्याकडे वळले. ऑपरेटरना कसं वाटतं?

यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे बोला, छान वाटतं म्हणा, एवढंच तर. यांनी टोपी काढली. डोक्याला टोपीचा लाल वळ उठला होता.

“उकडतंय,” हे म्हणाले.

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

“लई उकडतंय, गिरिजा. महिना झाला. तुझ्या गुडघ्यांपायी बोललो न्हाय.”

मला पुढचं नीट आठवत नाही. दारातून बघणारी शांतम्मा म्हणते मी धावतच देवघरात गेले. दोन्ही गलंत्या आकड्यावरून काढल्या, बाहेर आणल्या, आणि एकामागून एक यांच्या डोक्यावर रिकाम्या केल्या. देवाचं पाणी माणसाच्या डोक्यावर! हे डोळे मिटून उभे राहिले. तोंडातून ‘हां’ असा आवाज आला, तापल्या लोखंडावर पाणी मारल्यासारखा. मग पंचा ओढून आणला आणि त्यांच्या खांद्यावर टाकला. पंच्याबरोबर तो डबा आणि उरलेला बर्फही घरंगळत आला, डबा तव्याखाली जाऊन पडला.

तेवढ्यात भिंतीत ‘टक्’ झालं. तवा गप्प झाला.

शिवयोगी साहेबांनी मोबाइल बघितला. “मागणी शून्य,” ते पुटपुटले. त्यांच्या वरच्या साहेबांनी डोळे मिटले.

गोरे पाहुणे उठले, तसेच अनवाणी माझ्यापुढे आले आणि डोकं खाली वाकवलं. सोवळंओवळं बघायची वेळ नव्हती. माठ उचलला.

रात्र झाली. घर गार आहे, म्हणजे आपलं नेहमीचं. टोपी आणि शिट्टी साहेब घेऊन गेले. योजना वळसंगला जाणार. डबा पाहुणे तपासायला परदेशी नेणार आहेत, इतक्या उन्हाच्या गावात ऊब मागणारा हा जगातला एकटाच म्हणे. विभूतीचे पट्टे पुसू नका असं मी सांगितलंय.

हे जेवून काही न बोलता झोपले. उशाशी हात चाचपून बघितला, टोपी नव्हती. मला माहीत आहे उद्या काय होणार. खुर्ची मी आत्ताच भिंतीकडून खिडकीकडे फिरवून ठेवली आहे. उपयोग व्हायचा नाही.

देवा, तुझं पाणी मी दुसऱ्याला घातलं. रागावला असशील तर माझ्यावर रागाव.

१४ मे

उठले तर खुर्ची रिकामी.

मोरीत नाहीत, अंगणात नाहीत. खड्ड्यावर गेले तर तिथं म्हशी परत पाण्यात बसलेल्या, माझ्याकडे बघणाऱ्या, बाकी कुणी नाही. घरी येऊन देवापुढे बसले.

मदिनाबी फोन घेऊन धावत आली. पलीकडे पीरसाब.

“भाभी, तुमचा महेश्वर हितं हाय, घाबरू नका. सक्काळपासनं मशीनपाशी बसलाय. हमारा ऑपरेटर पळालाय की महिन्यापूर्वी. तवापासनं यानंच मशीन चालवली, फुकटात. आज बोल्या, आता टोपी न्हाय, पगारावर घेतो का. मी बोल्या, अरे दिवाने, तू विचारायचीच वाट बघत हुतो.”

मागून यांचा आवाज ऐकू आला. कुणाला तरी ओरडत होते, की प्रेशर बघ, प्रेशर. भट्टीवर असताना ओरडायचे तस्सं.

फोन ठेवला आणि सासूबाईंची गलंती धुतली, परत टांगली. शांतम्माची परत केली. डबा नाही, त्यामुळे तामणात पिंडी जरा एकटी वाटते. महिनाभर मी त्याच्या डोक्यावरही पाणी घातलं, त्याच्याही कानात गरमी कमी कर म्हणून सांगितलं. शेवटी ऐकलंच की त्यानं. माझी भक्ती कुठे कमी पडली आणि उशीर झाला, एवढंच कळत नाही.

संध्याकाळी हे आले. मी भाकरी थापत होते, आता गॅसवर. मागून येऊन उभे राहिले. लग्न होऊन आले तेव्हापासून या माणसाचे हात कढत. हात लागला की साडीवर इस्त्री फिरल्यासारखं व्हायचं. आज त्यांनी दोन्ही तळवे माझ्या मानेवर ठेवले आणि मी दचकले. बर्फासारखे गार.

“उकडतंय का गं?”

पिठाचे हात तसेच ठेवून मी म्हटलं, “व्हय.”

हात काढले नाहीत त्यांनी. भाकरी करपली. पहिल्या पानावर कबूल केल्याप्रमाणे तेही लिहून ठेवते.